आपण बनवलेल्या क्वेस्टवर लोक तुटून पडतात तेव्हा उत्तर द्यायचं का?

दिवटी (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. गेमचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा जाहिरातीच्या खात्यात जाईल. ऑनलाइन गेम आहे आणि खेळाडूंनाच क्वेस्ट (म्हणजे गेममध्ये खेळत पार करायची एखादी मोहीम) बनवता येतील असं टूल त्यात आहे. जागा मांडायची, पात्रं उभी करायची, संवाद लिहायचे, ट्रिगर लावायचे (खेळाडू अमुक जागी आला की अमुक घडेल अशी सोय) आणि प्रकाशित करायचं. मग कुठले कुठले लोक येऊन खेळतात, पाचपैकी तारे देतात आणि खाली मनाला येईल ते लिहून जातात.

माझी क्वेस्ट पुण्यात घडते, साल १७७३. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यात येणारं पाणी एका सकाळी बंद पडतं. नायक तलवारबहाद्दर नाही, वाड्यातला साधा कारकून आहे. दिवटी घेऊन त्याने जमिनीखालच्या दगडी नळातून चालत जायचं आणि पाणी कुठे अडलं, कोणी अडवलं, ते शोधायचं. वाटेत एक म्हातारी भेटते आणि उच्छ्वास लागतात (नळात हवा खेळावी आणि माणसाला आत उतरता यावं म्हणून वर काढलेले झरोके, त्यातले काही अजून शिल्लक आहेत). नारायणरावांचा खून ३० ऑगस्टला झाला, माझी गोष्ट त्याच्या आदल्या आठवड्यात संपते. पुढे काय होणार हे खेळणाऱ्याला माहीत असतं, कारकुनाला नसतं. सगळी गंमत त्यातच आहे.

आता प्रतिक्रिया. इंग्रजीतल्या होत्या त्या मराठीत करून देते.

"चाला, चाला, चाला. मारायला कोणीच नाही. १ तारा."

"तिसऱ्या उच्छ्वासापाशी अडकलो. काही होतच नाही. २ तारे."

"म्हातारी उद्धट आहे. रस्ता विचारला तर अक्कल काढते. ३ तारे."

"शुद्धलेखन भिकार. मराठीत लिहायची हौस असेल तर आधी ऱ्हस्वदीर्घ शिका. २ तारे."

"१७७३ साली म्हातारी चहा विचारते? आणि शेवट बाहुलीच्या हौदात?? २ तारे."

एकाने नुसता एक तारा दिलाय, खाली अक्षरही नाही. आणि आणखी एक प्रतिक्रिया आहे जिच्यावर तारेच नाहीत. ती सावकाश देते, कारण तिच्याबद्दल वेगळं बोलायचंय.

कौतुकाच्याही आहेत, पण त्यांचं काय करायचं ते सांगावं लागत नाही. प्रश्न एवढाच की यांना उत्तर द्यायचं का, आणि द्यायचं तर कुठे? टूलमध्ये प्रत्येक प्रतिक्रियेखाली लेखकाला लिहायला जागा आहे. ती रिकामी चौकट बघितली की हात शिवशिवतात.

---

तिरकस_पेठकर | रात्री ११:०४

पुण्यावरच्या क्वेस्टला पुणेकरांनी दोन तारे दिले म्हणजे भरभरून दिले की हो. उरलेले तीन दुपारी एक ते चार बंद असतात.

---

टेस्टर_बाई | रात्री ११:३१

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून माझी सवय सांगते. तारे झाकून ठेवायचे आणि नुसता मजकूर वाचायचा. मग प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारायचा: हे मला पुन्हा घडवून बघता येईल का? "तिसऱ्या उच्छ्वासापाशी काही होत नाही" ही तुमच्या यादीतली सगळ्यात मौल्यवान ओळ आहे. तो माणूस तिथे आला कसा, ते शोधा. चालत, पळत, उड्या मारत? आधी म्हातारीशी बोलला होता का? मध्येच गेम बंद करून परत आला का?

दुसरं म्हणजे, तुमच्या डोळ्यांदेखत कोणाला तरी खेळायला बसवा आणि तुम्ही मागे गप्प बसा. अगदी गप्प. "अगं ते बघ ना डावीकडे" म्हणायचं नाही, सुस्कारासुद्धा सोडायचा नाही. गेम बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी याच पद्धतीसाठी ओळखली जाते. २००५च्या 'लॉस्ट कोस्ट'पासून त्यांच्या गेममध्ये बनवणाऱ्यांचं समालोचन ऐकायला मिळतं. त्यात टेस्टला बसवलेले खेळाडू कुठे बघत होते, कुठे चुकत होते, त्यावरून जागा कशी बदलली, हे वारंवार येतं. खेळाडू वर बघत नाही, ही तक्रार तर गेम बनवणारे सगळेच करतात. मग करायचं काय, तर वर बघायला लावेल असं काहीतरी तिथे ठेवायचं. खेळाडूला दोष देऊन भागत नाही, कारण तुमची क्वेस्ट घरोघरी जाते, तुम्ही जात नाही.

---

बोरूबहाद्दर | रात्री ११:५८

टेस्टर_बाईंना अनुमोदन. मी 'नेव्हरविंटर' या ऑनलाइन गेमच्या फाउंड्रीत (खेळाडूंना क्वेस्ट बनवायचं असंच टूल) क्वेस्ट लिहायचो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

उत्तर देऊ नका. एकालाही नको. सविस्तर कारण सांगतो.

प्रतिक्रिया लिहिणारा माणूस लिहून निघून गेलेला असतो. तुमचं उत्तर तो बहुतेक वाचतच नाही. वाचतो तो पुढचा खेळाडू, खेळावं की नाही हे ठरवण्यासाठी जो खाली डोकावतो. त्याला दिसतं काय? लेखिका प्रत्येकाशी हुज्जत घालतेय. उत्तर कितीही नम्र असलं तरी "अहो, ते मुद्दाम तसं केलंय" या वाक्याचा सूर वाचणाऱ्याला ऐकू येतोच. मग तो सावध होऊन खेळतो आणि खेळताना चुका शोधतो. एका उत्तरापायी दहा खेळाडूंची नजर बदलते.

तुमचं उत्तर क्वेस्टमध्ये दिसू दे. तिसरा उच्छ्वास दुरुस्त करा, विषय संपला.

जाता जाता: 'नेव्हरविंटर' आणि 'स्टार ट्रेक ऑनलाइन', दोन्हींची फाउंड्री ११ एप्रिल २०१९ला बंद झाली. लोकांनी रात्री जागून लिहिलेल्या गोष्टी गेल्या आणि त्यांच्याखालचे पाच तारे, एक तारा, भांडणं, सगळंच गेलं. म्हणून संवाद आणि नकाशाची टिपणं स्वतःच्या संगणकावर ठेवा. कुठल्याही टूलवर हा विश्वास टाकू नका.

---

चिंगी७ | शनिवार, सकाळी ७:१५

मला वाटलं हा धागा ट्रेकिंगचा आहे. कात्रज वाचून आले. पण आता वाचतेय.

---

सांख्यिकीवाला | सकाळी ९:४०

ताऱ्यांबद्दल थोडं गणित, म्हणजे झोप उडणार नाही.

समजा आठ जणांनी पाच तारे दिले आणि नवव्याने एक. सरासरी ४१ भागिले ९, म्हणजे ४.५६. एका माणसाने तुम्हाला ५ वरून ४.५६ वर आणलं. हा दोष क्वेस्टचा नाही, मतं थोडी आहेत एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शहाण्या याद्या साधी सरासरी वापरत नाहीत. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या खात्यात काही काल्पनिक मतं टाकून ठेवतात. उदाहरणार्थ, ३.५ ताऱ्यांची दहा मतं. मग आठ जणांनंतर तुमचा आकडा ७५ भागिले १८, म्हणजे ४.१७, आणि नवव्या रुसलेल्यानंतर ७६ भागिले १९, म्हणजे बरोबर ४. घसरण ०.४४ ऐवजी ०.१७. आयएमडीबीने आपल्या पहिल्या २५० चित्रपटांच्या यादीसाठी याच जातीचं सूत्र वापरलंय.

तुमच्या गेमचं टूल साधी सरासरी दाखवत असेल तर पहिली पंधरा-वीस मतं पडेपर्यंत त्या आकड्याकडे बघू नका. आणि बिनशब्दांच्या एक ताऱ्यातून काहीही कळत नाही. त्याचं नेट गेलं असेल, बॉसने झापलं असेल, बोट घसरलं असेल.

---

आजोबा_ऑनलाइन | सकाळी १०:२२

बाहुलीच्या हौदाचे दोन तारे माझे.

नातवाच्या संगणकावर खेळलो. बाहुलीचा हौद एकोणिसाव्या शतकातला, डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मुलीच्या स्मरणार्थ बांधलेला. १७७३ साली तिथून तुमचा कारकून डोकं बाहेर काढतो म्हणजे शंभर वर्षं नळात बसून होता काय? नळ नानासाहेबांच्या काळातला, साधारण १७५०चा, तेवढं बरोबर आहे. चहाबद्दल तर बोलायलाच नको. त्या काळी पुण्यातली म्हातारी आल्यागेल्याला गूळपाणी देईल. आणि वर ‘अमृततुल्य’ म्हणते!

गोष्ट वाईट असती तर पहिल्याच उच्छ्वासातून वर येऊन बंद केली असती. शेवटपर्यंत गेलो, म्हणूनच चीड आली.

---

दिवटी | सकाळी ११:०५

आजोबा, नमस्कार! तुम्ही इथे भेटाल असं वाटलं नव्हतं.

हौद बदलला. कारकून आता वाड्याच्या आवारातच बाहेर येतो. नाट्यही वाढलं, कारण तो थेट पहारेकऱ्यांच्या पायाशी निघतो. चहा मात्र राहणार. तो विनोद आहे आणि पुण्यातल्या खेळाडूंना तिथे हसू फुटतं हे मी समोर बघितलंय. म्हातारी मुळातच काळाच्या बाहेरची आहे, पुढे एका ठिकाणी ती कारकुनाला "पीएमटीने आला असतास तर लवकर पोचला असतास" असंही म्हणते. तुम्ही तिथवर तिच्याशी बोलला नसाल.

टेस्टर_बाई, अडकलेला सापडला. ट्रिगरची अदृश्य पेटी जमिनीपासून जेमतेम छातीएवढी उंच होती. या गेममध्ये निम्मे लोक चालतच नाहीत, उड्या मारत जातात. तो गडी पेटीच्या वरून पलीकडे गेला. पेटी छतापर्यंत नेली. मावसभावाला बसवलं, तो नळात उड्या मारत सुटला आणि तिसऱ्या उच्छ्वासाला झडप उघडली.

---

टेस्टर_बाई | सकाळी ११:१२

उड्या मारणाऱ्यांसाठी एक जागतिक दिवस असायला हवा. आमचे निम्मे पगार त्यांच्यामुळे निघतात.

---

नेपथ्य_नाना | दुपारी १२:३०

बोरूबहाद्दर म्हणतात ते आम्ही नाटकवाल्यांनी कधीचं शिकलेलं आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकांकिका केली. भरत नाट्य मंदिरात प्रयोग संपतो, परीक्षक बोलतात, आणि लेखक तिथे उभा राहून "तुम्हाला ते कळलं नाही" असं म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, पण म्हणत नाही. फेरीत पुढे गेलो तर संहितेला कात्री लागते, नाही गेलो तर चहाच्या टपरीवर परीक्षकांचा उद्धार होतो. तोही खासगीत.

आणि हे पुणं आहे. १९६३पासून चाललेल्या स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही, म्हणून. तेव्हा बरंच वादळ उठलं. माझं मत विचाराल तर तो निर्णय फार कडक होता. पण पुढच्या वर्षी पोरं पुन्हा तालमीला उभी राहिलीच.

---

अडाणी_अकिलीस | दुपारी १:०८

नानांशी असहमत. नाटकाचा प्रयोग संपला की संपतो. क्वेस्ट तिथेच असते आणि खालची प्रतिक्रियाही तिथेच चिकटून राहते. "तिसऱ्या उच्छ्वासाला अडकलो" हे वाक्य दुरुस्तीनंतरही तीन वर्षं लोक वाचणार. तिथे "दुरुस्त केलंय, धन्यवाद" एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याचं भलंच आहे. मी माझ्या क्वेस्टवर प्रत्येकाला उत्तर देतो, अगदी शिव्या देणाऱ्यालाही. दोघांनी परत येऊन तारे वाढवलेत.

---

बोरूबहाद्दर | दुपारी १:२०

आणि किती जण परत आले नाहीत?

---

अडाणी_अकिलीस | दुपारी १:२४

ते तुमच्याही बाबतीत तितकेच असणार. न दिलेल्या उत्तराला कोण परत येणार?

---

दिवटी | दुपारी २:१५

तुमच्या दोघांच्या मधली वाट मला पटतेय. बग असेल तर एक ओळ, "दुरुस्त केलं", तारखेसह. आवडीनिवडीचा प्रश्न असेल तर तोंडाला कुलूप.

पण मग "मारायला कोणी नाही" हे बग की आवड? तो एक तारा मला सगळ्यात लागला होता आणि आता सगळ्यात कमी लागतोय. क्वेस्टमध्ये मारामारी नाही, ती येणारही नाही. तो माणूस चुकीच्या दुकानात शिरला. प्रश्न इतकाच की तो शिरला का? तर वर्णनात मी लिहिलं होतं: "अंधाऱ्या नळातला थरारक शोध." थरारक वाचल्यावर माणूस तलवार परजूनच येणार.

---

तिरकस_पेठकर | दुपारी २:३१

म्हणजे पाटी चुकली. पुण्यात राहून पाटी चुकते म्हणजे काय! क्वेस्टच्या वर्णनाचं काम पाटीचंच असतं. निम्म्या लोकांनी वाचून बाहेरच्या बाहेर परत जायला पाहिजे.

---

बोरूबहाद्दर | दुपारी ३:०२

पेठकर आज चक्क मुद्द्याचं बोलले.

याला मोठा इतिहास आहे. 'सिटी ऑफ हीरोज' या ऑनलाइन गेमने २००९च्या एप्रिलमध्ये मिशन आर्किटेक्ट हे असंच टूल आणलं. खेळाडू गोष्टी लिहितील अशी अपेक्षा होती. लिहिल्याही, काही फार सुंदर होत्या. पण बघता बघता याद्या भरल्या त्या पटापट पातळी वाढवून देणाऱ्या मिशन्सनी: एका खोलीत सोपे शत्रू कोंबायचे आणि झोडपत सुटायचं. अशा मिशनला खूश होऊन पाच तारे पडायचे. कंपनीला नंतर नियम कडक करावे लागले. त्या गर्दीत शिरलेला माणूस तुमच्या नळात आला तर त्याच्या हिशेबी तुम्ही त्याचा वेळ खाल्लात. तारे क्वेस्टला मिळतात असं आपल्याला वाटतं, खरं तर ते अपेक्षेला मिळतात.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली मडच्या (म्हणजे त्या काळच्या नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या) खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: काहीतरी मिळवायला येणारे, शोधत हिंडणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्यांना त्रास द्यायला येणारे. वर्गवारी आता जुनी झाली, पण प्रतिक्रिया वाचताना मी अजून वापरतो. तुमची क्वेस्ट दुसऱ्या प्रकाराची, तारा दिलाय पहिल्याने.

---

चिंगी७ | दुपारी ३:१०

मी तिसरा प्रकार.

---

सांख्यिकीवाला | दुपारी ३:१५

चौथा प्रकार या संस्थळावर मुबलक आहे.

---

फॉन्टफोड्या | दुपारी ४:४४

शुद्धलेखनाच्या तक्रारीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ताई, स्क्रीनशॉट टाकाल का? माझी पैज आहे की तुमचं शुद्धलेखन बरोबर आहे.

---

दिवटी | दुपारी ४:५९

टाकला. टूलमध्ये मी "किल्ली" लिहिते, गेममध्ये वेलांटी क-च्या पलीकडे जाऊन बसते. "सूर्य"मधला रफार खाली घरंगळतो. प्रतिक्रिया देणाऱ्याला वाटलं मला मराठीच येत नाही.

---

फॉन्टफोड्या | दुपारी ५:२०

पैज जिंकली. हे इंजिनाचं (गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचं) काम आहे. देवनागरीत "कि" साठवताना आधी क आणि नंतर वेलांटी असते, दाखवताना मात्र वेलांटी आधी काढायची असते. जोडाक्षरं आणि रफार यांचीही अशीच जुळवाजुळव लागते. याला शेपिंग म्हणतात. बहुतेक ब्राउझरमध्ये आणि अँड्रॉइडवर हे काम हार्फबझ नावाची मोफत लायब्ररी करते, म्हणून तिथे आपल्याला कधी जाणवत नाही. पण अनेक गेम इंजिनांच्या मजकूर दाखवणाऱ्या भागात शेपिंग नसतं. इंग्रजीला त्याची गरज पडत नाही, मग कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्वेस्ट लिहिणाऱ्याच्या हातात फार काही नाही. महत्त्वाचे फलक आणि चिठ्ठ्या चित्र म्हणून टाकता आल्या तर टाका. बाकी कंपनीला लिहा. नुसतं "मराठी नीट दिसत नाही" असं नको. कुठला शब्द, काय दिसायला हवं, काय दिसतंय, तिन्ही जोडा. हिंदी, नेपाळीवाल्यांनाही बरोबर घ्या, त्यांचीही वेलांटी तिथेच तुटत असणार.

---

आजोबा_ऑनलाइन | दुपारी ५:४१

शुद्धलेखनाचे दोन तारे माझे नव्हेत, हे नोंदवून ठेवतो. माझे फक्त हौदाचे.

---

दिवटी | रात्री ९:१०

आता ती प्रतिक्रिया. मराठीतच होती, जशीच्या तशी देते:

"खेळ छान आहे. पाणी बंद झाल्यावर वाड्यातलं कारंजं थांबतं, पेठांतल्या हौदांवर गर्दी होते, बायका कळश्या घेऊन ताटकळतात. पण ज्यांना त्या हौदांवर कळशी बुडवायची मुभाच नव्हती, त्यांच्यासाठी त्या सकाळी नेमकं काय बंद झालं? तारे देत नाही. गोष्ट अर्धी वाटली."

गेले काही दिवस हे डोक्यातून जात नाही. बाकी सगळ्यांनी मला काय करायचं ते सांगितलं: शत्रू घाला, म्हातारीला वळण लावा, हौद बदला. याने काहीच सांगितलं नाही. नुसता प्रश्न ठेवून गेला, किंवा गेली. आणि ही एकच गोष्ट मला वर्णनातली ओळ बदलून निस्तरता येत नाहीये.

---

मुळशी_एक्सप्रेस | रात्री ९:२२

खेळात राजकारण कशाला? लोक विरंगुळ्यासाठी येतात. असल्या प्रतिक्रियेला फाट्यावर मारा.

---

गंजपेठी | रात्री ९:५०

पाण्यावर गोष्ट लिहायची, ती पेशवाईतल्या पुण्यात, आणि पाणी कोणाला मिळत होतं हे विचारलं की ते राजकारण. वा!

जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला १८६८ साली. आजोबा म्हणतात तसा नळ १७५०चा धरा. मधे शंभराहून जास्त वर्षं होतात. आणि त्यानंतरही १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे, मी काही नवीन सांगत नाही. ज्या शहरात हे घडलं, त्या शहराच्या पाण्याची गोष्ट खेळताना एखाद्याला हा प्रश्न पडणार नाही असं कसं होईल?

ती प्रतिक्रिया माझी नाही, पण मी खेळलो असतो तर मीही हेच लिहिलं असतं. कदाचित एवढ्या सौम्यपणे नाही.

---

मुळशी_एक्सप्रेस | रात्री १०:०१

मी इतिहास नाकारत नाही. पण कारकुनाच्या तोंडी भाषण घातलं तर खेळ बुडेल.

---

गंजपेठी | रात्री १०:०९

भाषण घाला असं कोणी म्हटलं?

---

नेपथ्य_नाना | रात्री १०:३५

इथे मुळशीकर अर्धे बरोबर आहेत. भाषण नकोच. एकांकिकांत ही खोड फार आहे, शेवटची पाच मिनिटं पात्रं प्रेक्षकांना सामाजिक शास्त्र शिकवतात.

क्वेस्टमध्ये तुमच्याकडे नाटकापेक्षा जास्त आहे: खेळणाऱ्याच्या हातात कळशी आहे. कारकुनाबरोबर नळात एक माणूस द्या. त्याला नळाचा वळणन् वळण पाठ आहे, तुमचं निम्मं कोडं तोच सोडवतो. मग दोघं हौदापाशी वर येतात. खेळणाऱ्याला तहानेची खूण दिसते, तो पाणी पितो. सोबत्यालाही तीच खूण आहे, पण त्याच्यासाठी बटणच उमटत नाही. कोणी काही बोलत नाही. खेळणारा दोन-तीनदा दाबून बघेल, बग समजेल. मग त्याला कळेल की हा बग नाही.

---

टेस्टर_बाई | रात्री १०:४२

हे वाचून अंगावर काटा आला. आणि लगेच दुसरा विचार आला: चाळीस जण "बटण चालत नाही, २ तारे" असं लिहिणार.

---

गंजपेठी | रात्री १०:४८

लिहू देत. त्यातल्या पाच जणांना उशिरा का होईना कळेल.

---

आजोबा_ऑनलाइन | रविवार, सकाळी ६:३०

नानांची कल्पना चांगली आहे. पण तो सोबती कोण, कुठला, त्याचं काम काय, हे मनाने रचू नका. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. नळाच्या आणि हौदांच्या कामाचे, मजुरीचे कागद बघून मग लिहा. हौदाच्या नावाला मी दोन तारे कापले, माणसाच्या बाबतीत चूक झाली तर लोक तारे कापून थांबणार नाहीत. मंडळात यायचं असेल तर सांगा, मी बरोबर येतो. मोडी वाचता येते.

---

दिवटी | सकाळी ९:०५

आजोबा, येतेच. फोन नंबर व्यक्तिगत निरोपातून द्या.

नाना, तुमचा सोबती मला हवाय, पण तो आला की क्वेस्ट बदलेल. आत्ता कारकून एकटा आहे आणि त्याचा एकटेपणा हीच माझी गोष्ट होती. दुसरा माणूस शेजारी उभा राहिला की ती त्याची गोष्ट होईल. तसं असेल तर ती निराळी क्वेस्ट म्हणून लिहावी, की हीच फोडून पुन्हा बांधावी, हे कागद बघितल्याशिवाय ठरवणार नाही. मूळ प्रतिक्रियेखालच्या चौकटीत सध्या काही लिहीत नाहीये. "विचार करतेय" असं लिहून टाळ्या मिळवणं सोपं आहे.

बाकीचं आवरलं. म्हातारी जशी होती तशीच उद्धट राहील. वर्णन असं केलंय:

"या क्वेस्टमध्ये मारामारी नाही, खजिना नाही, घाईही नाही. चालावं लागतं. म्हातारीशी नीट बोलल्यास ती नीट बोलेलच असं नाही. चहा मुद्दाम आहे. वेलांट्या इंजिनाने मोडल्या आहेत, लेखिकेने नाही. तिसऱ्या उच्छ्वासाची झडप दुरुस्त केली आहे, उड्या मारत गेलात तरी उघडेल."

---

तिरकस_पेठकर | सकाळी ९:११

"कृपया" एकदाही नाही. उत्तम.

---

अडाणी_अकिलीस | सकाळी ९:३०

म्हणजे सगळ्यांना उत्तर दिलंतच की, फक्त एकाच ठिकाणी!

---

बोरूबहाद्दर | सकाळी ९:३४

भांडणाशिवाय. फरक आहे.

---

टेस्टर_बाई | सकाळी १०:००

नवीन आवृत्ती प्रकाशित करण्याआधी गप्प बसून बघायला माणसं हवीत ना? 'सुपर मारिओ मेकर'मध्ये स्वतः बनवलेली पातळी स्वतः पार केल्याशिवाय चढवताच येत नाही, पण ती अट पुरेशी नसते. बनवणाऱ्याला वाट पाठ असते. असा कोणी बघा ज्याने हा गेम आयुष्यात उघडलेला नाही.

---

चिंगी७ | सकाळी १०:०४

मी! मी ट्रेकवाली आहे, गेम कधीच खेळले नाही. पुढच्या रविवारी मोकळी आहे, कोथरूडला राहते. फक्त माझा लॅपटॉप ऑफिसचा आणि जुना आहे, ग्राफिक्स कार्ड वगैरे नाही.

---

दिवटी | सकाळी १०:१०

मग लॅपटॉप घेऊनच या, तसाच हवाय. माझ्या संगणकावर नळातला अंधार झकास दिसतो, साध्या स्क्रीनवर पुढचं पाऊल तरी दिसतं का ते मला बघायचंय. पत्ता निरोपात टाकते.